‘कुठलाही आय-७ घ्या’ : फिरत्या संदेशाला एक उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ‘ऑफिससाठी कॉम्प्युटर घेताना फसू नका’ असा एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोसेसर इंटेलचा आय-७च घ्या, जनरेशन (पिढी) कुठलीही चालते. दोन जीबीचं ग्राफिक कार्ड टाकाच. रॅम चार जीबी बास. कॅबिनेट मोठंच हवं, छोटं आपल्याकडच्या उन्हात जळतं. पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत येतो, त्यावर वेगळे पैसे घालवू नका. आणि बिल कच्चं घेतलं की १८ टक्के वाचतात.

आडत दुकान, पतसंस्था, सेवा केंद्र, करसल्लागाराचं ऑफिस अशा ठिकाणी टेबलाच्या कोपऱ्यात मावणारं, कमी खर्चाचं मशीन हवं असतं. हा संदेश पाळला तर त्याच बजेटमधला पैसा नको तिथे जातो आणि हवा तिथे पोचतच नाही.

‘जनरेशन कुठलीही’ हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. बाजारात एच-६१ चिपसेटचे कोरे मदरबोर्ड अजून विकले जातात. चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, २०११चा. त्यावर बसवतात आय-७ ३७७०, म्हणजे २०१२चा, कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेला. डबा नवा, बोर्ड नवा, वर आय-७चं स्टिकर, गिऱ्हाईक खूश. आता २०२२चा आय-३ १२१०० बघा. कोर (आतली काम करणारी युनिटं) चार, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आठ, म्हणजे दोघांचे सारखेच. पण एकेका कोरचा वेग आय-३चा दीडपटीहून जास्त, आणि टॅलीतली एंट्री, एक्सेलची शीट, ब्राउझरमधला फॉर्म ही कामं बहुतांशी त्या एका कोरच्या वेगावरच चालतात. बरं, वेग सोडून द्या. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. आय-७ ३७७० त्या यादीत नाही. युक्त्या करून चढवतात लोक, पण ज्या मशीनवर डिजिटल सहीचं टोकन आणि बँकेचं लॉगिन चालतं तिथे असली युक्ती मी तरी करू देणार नाही. “चालस ना भो!” हे दुकानदाराचं उत्तर खोटं नाही, आज चालतंच.

जुनं घ्यायचंच नाही असं मात्र नाही. मोठ्या कंपन्यांतून निघालेली एक लिटर आकाराची मशीन मिळतात. त्यातलं आय-५ ८५००टी असलेलं घेतलं तर सहा कोर, ३५ वॅटचा प्रोसेसर, विंडोज ११ची अट पूर्ण. रॅम मात्र त्याला लॅपटॉपची लागते.

ग्राफिक कार्डाचं उत्तर सोपं: नको. दोन जीबीच्या नावाखाली बहुधा जीटी ७१० हे जुनं कार्ड गळ्यात मारतात, आणि १२१०० मध्ये आतच असलेलं यूएचडी ७३० ग्राफिक्स त्याच्यापेक्षा सरस आहे. एकच लक्षात ठेवा, इंटेलच्या नंबरापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. १२१००एफ थोडा स्वस्त दिसतो म्हणून घेतला की कार्डाचा खर्च वाढतो. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्येही ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ५६०० मध्ये नाही.

चार जीबी रॅम ही विंडोज ११ची किमान अट, कामाचं माप नव्हे. आठची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा; जमलं तर सोळाच. १२१००साठीचे एच-६१० बोर्ड डीडीआर-४ रॅमचे येतात आणि डीडीआर-५चेही, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), ५०० जीबीच्या आसपास. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर.

छोटं कॅबिनेट उन्हात जळतं, यात अर्धं खरं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, भुसावळात त्याच्याही वर. पण प्रोसेसरला बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश जास्त चढतात ते बघायचं असतं. ऑफिसच्या कामात समजा ३० अंश चढले, तर खोलीत ४२ असताना ७२ होतात, आणि १२१००ची मर्यादा १०० अंशांची आहे. मशीन बंद पडतं ते धुळीने. जिनिंगजवळच्या ऑफिसात कापसाचा बारीक तूस पंख्यामागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांत गादीसारखा बसतो, नंदुरबारच्या मिरची बाजारात त्याच जागी मिरचीची धूळ. हा थर मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. तेव्हा जाळी काढून झटकता येईल असं कॅबिनेट निवडा, हंगाम संपला की ब्लोअर मारा, आणि काउंटरखालच्या बंद कपाटात मशीन कोंडू नका. हो, अगदी छोटा, १७० बाय १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड घेऊ नका. तो महाग पडतो, शिवाय त्याच्या कॅबिनेटला पुष्कळदा वेगळ्या आकाराचा पॉवर सप्लाय लागतो. त्याहून थोड्या मोठ्या मायक्रो-एटीएक्स बोर्डाचं लहान कॅबिनेट पुरतं.

आता पॉवर सप्लाय, जिथे हा संदेश सर्वात जास्त चुकतो. ग्राफिक कार्ड नसलेलं हे मशीन एरवी ३०-४० वॅट घेतं, पूर्ण जोर लावला तरी शंभरच्या आसपास. म्हणजे मोठा आकडा नकोच आहे, खरा आकडा हवा आहे. कॅबिनेटसोबतच्या फुकट सप्लायवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण शेजारच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. आजचं मशीन जवळजवळ सगळं तिथूनच चालतं. ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का असलेला लहान सप्लाय घ्या. रावेर-यावलकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं, पंप बंद झाले की उसळतं. तिथे १०० ते २४० व्होल्टची पूर्ण रेंज असलेला बघा, काही स्वस्त मॉडेल २०० पासूनच सुरू होतात.

त्याहून आधी अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार आली की दुकानदार मशीन बदलून देतो आणि नव्यालाही मुंग्या येतात. सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून बारीक गळती पत्र्यावर येत असते. अर्थ नीट असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्यातून. काळी माती उन्हाळ्यात फाटते, कोरडी पडते, आणि पावसाळ्यात चालणारी अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरती उरते. वायरमनला बोलवून खड्डा तपासा, पाणी घाला. ६०० व्हीएचा यूपीएस एवढ्या मशीनला आणि मॉनिटरला भरपूर झाला, फक्त लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नका. टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूजर तापवताना तो एकदम करंट ओढतो.

राहिलं कच्चं बिल. ज्याची जीएसटी नोंदणी आहे आणि विक्री करपात्र आहे, त्याला पक्क्या बिलावरचा कर सहसा इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, त्यामुळे १८ टक्के वाचले हा हिशेबच चुकतो. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा आहे, तोही बिलाशिवाय दाखवता येत नाही. नोंदणी नसलेल्यांनीही बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि प्रोसेसर बंद खोक्यातला मागावा. खोक्यातल्याला इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेमधून सुट्या विकलेल्यासाठी कंपनी ग्राहकाला थेट दाद देत नाही.