स्लोला तापणारं ओबीएम: ‘थर्मोस्टॅट काढून फेका’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, उत्तर लांब होणार हे दिसलं म्हणून वेगळंच लिहितोय. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमचं ४० एचपीचं फोर स्ट्रोक मशीन (ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) न्यूट्रलला किंवा एकदम स्लोला थोडा वेळ ठेवलं की तापल्याचा बजर वाजतो, रेस दिली की बंद होतो. मी लिहिलं होतं की अशा वेळी इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र) आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) दोन्ही खोलून बघा. त्यावर तुम्ही म्हणता, मशीनच्या बाजूच्या भोकातून पाण्याची धार मस्त येते, फुल स्पीडला तापत नाही, घरी नळ लावून अर्धा तास चालवलं तरी तापलं नाही, म्हणजे पंप ओके आहे, उगाच लोकांना पार्ट घ्यायला लावू नका, थर्मोस्टॅट काढून फेका, आमच्या बंदरात सगळ्यांनी काढलाय.

पार्ट विकायचा माझा धंदा नाही हे आधीच सांगतो. आता मुद्द्यावर येऊ.

फुल स्पीडला तापत नाही म्हणून पंप चांगला, इथेच गडबड आहे. इम्पेलर ज्या डबीत फिरतो ती डबी शाफ्टच्या बरोबर मध्यावर नसते, एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे रबराच्या पात्या एका बाजूला दबतात आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या होतात आणि त्यातूनच पाणी ओढलं-ढकललं जातं. हे कधी चालतं, तर पात्यांची टोकं डबीच्या भिंतीला घट्ट टेकलेली असतील तेव्हा. स्लोला सगळा भार या टेकण्यावर. आरपीएम वाढला की पात्या मागे झुकतात, भिंत सोडतात, आणि मग पाणी नुसत्या फिरण्याच्या जोरावर बाहेर फेकलं जातं, शिवाय बोट पळत असल्यामुळे पाणी आत घ्यायच्या खालच्या जाळीतून ते आपोआप दाबाने आत शिरतं. म्हणजे पात्या वाकड्या होऊन बसल्या असतील किंवा डबीला आतून रेघा पडल्या असतील तर वेगात पंप कसंबसं निभावून नेतो आणि न्यूट्रलला उघडा पडतो. तुमचं मशीन नेमकं असंच वागतंय. उलट स्लोला थंड आणि वेगात गरम असं असतं तर मी आधी जाळीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी शोधली असती.

नळाचं तर त्याहून सोपं आहे. कान (जाळीवर बसवायचे रबरी कप) लावून नळ सोडलात की पाणी नळाच्या प्रेशरनेच वर चढतं, इम्पेलर अर्धा मेलेला असला तरी फरक कळत नाही. ही टेस्ट पंपाची नाही, टाकीच्या उंचीची झाली. पंप बघायचा असेल तर मोठ्या पिंपात पाणी भरून जाळी पूर्ण बुडेल असं मशीन उभं करा, शक्य असेल तर पंखा (प्रोपेलर) काढून, न्यूट्रललाच चालवा आणि बघा. तिथे पाणी मशीनला स्वतः उचलावं लागतं.

आणि धार. बऱ्याच मॉडेलात ती धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, म्हणजे पाणी पंपातून वर आलं एवढंच ती सांगते, ते सगळ्या सिलिंडरभोवती फिरून आलं की नाही हे सांगत नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत जाम झाला तरी धार जोरात दिसू शकते. आणि याचंही लक्षण तुमच्यासारखंच असतं बरं का, कारण रेस दिली की पाण्याचा दाब वाढतो, बऱ्याच मशीनना प्रेशर व्हॉल्व्ह असतो तो उघडतो आणि पाण्याला दुसरी वाट मिळते, बजर गप्प. म्हणून मी दोन्ही बघा म्हणालो होतो, एकच नाही.

आता काढून फेकण्याबद्दल, कारण मला खरी काळजी याची वाटते. थर्मोस्टॅट जाम असेल तर काढल्यावर बजर थांबेल हे खरंय. पण मग इंजिन कायम थंड चालतं. टू स्ट्रोक असेल तर स्लोला अडखळतं, प्लग काळे पडतात. तुमचं फोर स्ट्रोक आहे, त्यात थंड सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, लेव्हल भरली होती त्यापेक्षा वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हेच चालू आहे, आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. आणि पंप कमजोर असेल तर थर्मोस्टॅट काढून तो सुधारत नाही, फक्त बजर उशिरा वाजतो. बंदरात सगळ्यांनी काढलाय असं तुम्ही म्हणता, त्यातल्या किती जणांची इंजिनं मग खोलावी लागली तेही एकदा विचारा.

थर्मोस्टॅट टेस्ट करायला काही लागत नाही. हाउसिंगचे बोल्ट काढा (मिठाने धरलेले असतात, जोर लावून तोडू नका, तेल सोडून रात्रभर ठेवा), थर्मोस्टॅटवर डिग्रीचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक ५० ते ६० च्या आसपास. व्हॉल्व्हच्या फटीत एक दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानेच तो टोपातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस बारीक ठेवा. उघडला की दोऱ्यावरून सुटून खाली पडतो, त्या वेळचा आकडा बघा. पाणी उकळायला आलं तरी लटकलेलाच असेल तर तो गेला. नवीन टाका, गॅस्केटसकट.

पण या सगळ्याच्या आधी फुकटातली एक गोष्ट बघा. तुम्ही देवबाग-तारकर्लीकडे डॉल्फिन दाखवायला जाता असं लिहिलंय. डॉल्फिन दिसला की सगळे पर्यटक नाळीकडे (बोटीच्या पुढच्या टोकाला) धावतात, मागची बाजू उचलली जाते, त्यात कर्ली खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ म्हणून मशीन थोडं वर टिल्ट केलेलं असतं, मग जाळी पाण्याच्या वर डोकावते आणि पंप हवा ओढतो. बजर नेमका अशाच वेळी वाजतो का ते आठवा. तसं असेल तर लोकांना बसवून ठेवा (ते तसंही करायलाच हवं) आणि टिल्ट खाली घ्या. त्या भागात ओहोटीला वाळूही आत जाते आणि डबीला रेघा पडतात त्या तिच्यामुळेच.

दुसरं, तुमचा त्रास ऑगस्टपासून सुरू झालाय असं दिसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात वरच, म्हणजे मशीन शेडमध्ये महिनोन् महिने उभं. तेवढ्या दिवसांत इम्पेलरच्या पात्या दबलेल्या जागी तशाच वाकड्या होऊन बसतात, थर्मोस्टॅटमध्ये मीठ घट्ट होतं. धारेच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते ते वेगळंच, ते तंगूस (नायलॉनचा दोरा) घालून साफ होतं. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी चालू होतंय का बघायला कोणीतरी पाण्याशिवाय स्टार्टर मारतो, तेवढ्यात कोरडं रबर घासून जळायला लागतं.

इम्पेलर काढलात आणि एखादी पाती तुटलेली दिसली तर नवीन बसवून मोकळं होऊ नका, तो तुकडा कुठे गेला ते शोधा. तो वर पाण्याच्या वाटेत नाहीतर थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो आणि तो राहिला तर नवीन इम्पेलर टाकूनही स्लोला परत तापणार, आणि तुम्ही मलाच शिव्या देणार. डबी आणि खालची प्लेट नखाने चाचपून बघा, नख अडकलं तर तीही बदला. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, आणि शाफ्ट ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला फिरवत डबी खाली दाबा. पाण्याची नळी वरच्या रबरात नीट शिरली का बघा, ती बाजूला राहिली तर सगळी मेहनत वाया.

समुद्रातून आल्यावर दोन मिनिटं नळ लावून बंद करायची सवयही सोडा. चालू मशीन फ्लश करताना थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गोडं पाणी सगळीकडे पोचतच नाही, दहा-पंधरा मिनिटं तरी द्या.

आणि कृपा करून बजर वाजला की न्यूट्रलला रेस देऊन गप्प करू नका. बोटीत वीस माणसं आणि बाजूला खडक असताना इंजिन जाम झालं तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एवढं करा. एक इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा, पिंपात न्यूट्रलला चालवा आणि सिलिंडर हेड वर, खाली आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर वेगवेगळं माप घ्या, चकचकीत धातूवर नको, रंगवलेल्या जागेवर. ६०-६५ ला येऊन थांबलं आणि तरी बजर वाजला तर सेन्सर किंवा वायरिंग बघावं लागेल, ८०-९० कडे चढत गेलं तर लगेच बंद करा. मॉडेल, साल आणि तिन्ही आकडे खाली टाका, आधी काय खोलायचं ते मी सांगतो.