जुनं ऑलिम्पिक भारी की नवं? वादात हमखास जिंकायचे उपाय

ऑलिम्पिक आलं की प्रत्येक ग्रुपवर तो मेसेज फिरतोच, आमच्या वेळी काही सुविधा नव्हत्या तरी पोरं गोल्ड आणायची आणि आता कोट्यवधी खर्चून ब्रॉन्झवर नाचतात वगैरे. त्यावर नुसता अंगठा टाकून गप्प बसू नका हो. वाद घाला, पण तयारीनं घाला.

सगळ्यात आधी निकाल ठरवून घ्या, आकडे मागाहून शोधता येतात. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवून घेतात ना, तसंच.

समजा तुम्ही जुन्याच्या बाजूचे आहात. मग हॉकी काढा, १९३२, लॉस एंजेलिस, अमेरिकेला २४-१ नं हाणलं होतं, एवढं बोला आणि चहाचा घोट घ्या. त्या स्पर्धेत हॉकीच्या टीम किती होत्या हे चुकूनही सांगू नका, कारण होत्या तीन. भारत, जपान, अमेरिका. मंदीचे दिवस, बोटीनं तेवढ्या लांब जाणार कोण. अमेरिका दोन्ही मॅच हरली, जपानकडूनपण हरली, आणि ब्रॉन्झ घेऊन घरी गेली, चौथं कोणी आलंच नव्हतं तर द्यायचं कोणाला! घरी काय, घरीच होती म्हणा.

नव्याच्या बाजूचे असाल तर नेमकं हेच घसा खरवडून सांगा, आणि लगेच पॅरिस २०२४ लावा: बारा टीम, ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनलला आपल्या एकाला रेड कार्ड, चाळीस मिनिटांच्या वर दहा जणांनी मॅच ओढली, शूटआऊटमध्ये काढली, मग ते ब्रॉन्झ. समोरचा हुशार असेल तर १९३६ काढेल. बर्लिन, फायनल, जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१, समोर ध्यानचंद. इथे उत्तर नाही. यंदा पाऊस कसा आहे ते विचारा.

एशियन गेम्स तर वादासाठीच जन्माला आलेत. १९५१ ला दिल्लीत पहिले झाले तेव्हा आपण १५ गोल्ड घेऊन दुसरे, आणि २०२३ ला हांगझोऊमध्ये २८ गोल्ड घेऊन चौथे. "दुसऱ्यावरून चौथ्यावर घसरलो" एवढंच टाईप करा, पुढे एक रडका इमोजी. दिल्लीत अकराच देश होते आणि चीन तर १९७४ पर्यंत आलाच नव्हता, हे आठवण करून देणारा एखादा आगाऊ निघतोच ग्रुपवर, त्याला देशद्रोही म्हणायची सोय आहेच.

टायमिंगच्या भानगडीत जरा जपून. १९३६ ला जेसी ओवेन्स शंभर मीटर १०.३ मध्ये पळाला आणि २०१२ ला लंडनमध्ये बोल्ट ९.६३ मध्ये, म्हणजे बोल्ट भारी, विषय संपला? अहो, ओवेन्सच्या वेळी स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. हातात खुरपं घेऊन, गुडघ्यावर बसून, राखेच्या ट्रॅकवर पाय रोवायला स्वतःच खड्डे खणायचे, हात झटकायचे आणि मग त्याच खड्ड्यातून पळायचं. टायमिंग पण हातातल्या घड्याळाचं. (मला खरंच बघायला आवडेल, बोल्टला खुरपं दिलं असतं तर.) पण एवढं खोलात जाणारा माणूस वाद जिंकत नाही, फक्त चहा गार करतो.

खेळांवरून कोणी चिडवलं, की काय हो, २०२४ ला ब्रेकडान्सपण ऑलिम्पिकमध्ये, तर घाबरू नका. १९०० च्या पॅरिसला जिवंत कबुतरं मारायची स्पर्धा होती, एवढं सांगा, शांतता पसरते. आणि १८९६ ला एकही बाई मैदानात नव्हती, त्यामुळे 'तेव्हाची कॉम्पिटिशन' म्हणजे अर्ध्या जगाला गॅलरीत बसवून उरलेल्यांची कॉम्पिटिशन. पण हे घरी बोलताना जपून, तिथे हरलात तर जेवणाचं बघा.

"जुनं ते सोनं" म्हणणारा भेटला तर फार हळू आवाजात सांगा की त्या १८९६ ला पहिल्या नंबराला चांदीचं मेडल होतं. आणि तो हिरमुसला की हेही सांगा की पॅरिस २०२४ च्या गोल्ड मेडलमध्ये सोनं सहाच ग्रॅम, बाकी बहुतेक चांदीच. दोघंही फसले, फिट्टंफाट.

शेवटचं अस्त्र पैलवान खाशाबा जाधव. हे सगळ्यांना चालतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले, तेव्हा कुठे १९५२ ला हेलसिंकीचं ब्रॉन्झ आलं, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर बहात्तर वर्षांनी कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, तेव्हा रेल्वेत टीसी, रायफलमध्ये ब्रॉन्झ. आमच्या कट्ट्यावर यातलं मोठं कुठलं यावर दीड तास भांडण झालं. दोघांचंही नातं कोल्हापूरशीच, यावर मात्र कोणी बोललं नाही, कारण कट्टा पुण्याचा.

मग पुण्याचाही नंबर लागायला नको का! लागला. १९२० च्या अँटवर्पला पोरं पाठवायची म्हणून दोराबजी टाटांनी डेक्कन जिमखान्याच्या मंडळींबरोबर जुळवाजुळव केली. तेव्हाची एक गोष्ट सांगतात, कोणीतरी जिमखान्याच्या मेंबरला विचारलं, शंभर मीटरला साधारण किती वेळ धरायचा? तर म्हणे, एक-दोन मिनिटं.

आमचे कट्ट्यावरचे काका, ते "आमच्या वेळी" वाले, सोसायटीच्या गेटपासून टपरीपर्यंत बरोबर तेवढ्यात येतात. मध्ये एकदा थांबून.