ध्यान, सेवा आणि एक आखडलेली मूठ

ध्यानशिबिरातून नुकताच परतलेला माणूस ओळखायचा कसा? तो तुम्हालाही शिबिराला जायला सांगतो. सेवाकार्याला लागलेला माणूसही लगेच कळतो, कारण त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की आपण आयुष्यात काहीच केलं नाही असं वाटायला लागतं. आणि 'शेवटी प्रेमच खरं' म्हणणाऱ्याला घरून फोन आला की त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघाव्यात. चेष्टा करत नाहीये. तिन्ही प्रकारचे लोक माझे जवळचे आहेत, आणि त्यांचं सगळं खोटं असतं असंही मला वाटत नाही. पण ते एकमेकांशी वाद घालायला बसले की ऐकवत नाही. आध्यात्मिक जागृती ध्यानाने होते, प्रेमाने होते की सेवेने?

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. हे तीन वेगवेगळे रस्ते नाहीतच. नुसतं ध्यान माणसाला तुसडं करू शकतं, नुसती सेवा त्याला हुकूमशहा बनवते आणि नुसतं प्रेम हळवेपणावर येऊन थांबतं. जागं होणं म्हणजे काय, याची माझ्या लेखी एकच खूण आहे: जो माणूस आपल्या काडीच्याही उपयोगाचा नाही, त्याच्याकडे आपलं लक्ष जातं का, आणि गेलं तर तिथे टिकतं का. ध्यानात प्रकाश दिसणं, अंगातून लहरी जाणं, घळाघळा रडू येणं हे सगळं होतं. होतं आणि जातं. त्यावरून कुणाचं काही ठरवू नये, स्वतःचं तर नाहीच.

विनयपिटक, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचा बौद्ध ग्रंथ. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका भिक्षूला अतिसार झालेला असतो आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहारात फिरत फिरत तिथे पोचतात. बुद्ध विचारतात, तुझं बघणारं कुणी नाही का? नाही. का नाही? तर तो जे सांगतो ते अगदी आजचं आहे. मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझं बघत नाहीत. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याचं अंग धुतो. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला उचलतात आणि खाटेवर निजवतात. त्यानंतर सगळ्या भिक्षूंना बोलावलं जातं. तुमची काळजी घ्यायला इथे ना आई आहे ना बाप, तुम्ही एकमेकांचं बघितलं नाहीत तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

हे शेवटचं वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे, आणि ती कुणी सांगत नाही. लगेचच तिथे चांगला शुश्रूषक कसा असावा याची यादी येते. त्याला औषध तयार करता आलं पाहिजे. रोग्याला काय मानवतं आणि काय नाही हे कळलं पाहिजे. काही मिळेल या आशेने नव्हे, मैत्रीभावाने त्याने हे केलं पाहिजे. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस येता कामा नये. आणि अधूनमधून रोग्याला चार धीराचे शब्द सांगता आले पाहिजेत. मैत्रीभाव यादीत आहे, पण औषध त्याच्या आधी आहे! रोग्याची सेवा करणं कशाने अवघड होतं, याचीही यादी तिथेच आहे. म्हणजे रोगी दिसला की तो देवमाणूसच, असला भाबडेपणा तिथे नाही.

आणि एक गोष्ट विसरू नये. त्या भिक्षूच्या शेजारून जाणारे सगळे संसार सोडून आलेले होते, आणि त्यांना शिकवायला साक्षात बुद्ध होते. तरीही.

हे फक्त जुन्या काळात होत होतं असं कुणी म्हणू नये. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगात होते धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली 'भल्या शोमरोन्याची' गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत एका दाराशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना 'तुम्हाला उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के थांबले. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के. भाषणाचा विषय करुणा आहे की आणखी काही, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. करुणेवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

हे विद्यार्थी ढोंगी होते असं मला वाटत नाही. घाई झाली की नजर अरुंद होते, एवढंच. समोरचं दिसतं, पण मनाची ते दिसलं म्हणायची तयारी नसते. माझ्या मते ध्यान कामाला येतं ते नेमकं इथे. मी रोज सकाळी बसते, आणि त्यात गूढ असं काही नाही. श्वासावर मन ठेवायचं, ते पळतं, पळाल्याचं ध्यानात आलं की परत आणायचं. पुन्हा पळतं. ते परत आणणं हाच सगळा व्यायाम. मन कुठे कुठे पळतं हे बघत राहिलं तर एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. जिथे जातं तिथे मध्यभागी 'मी' असते. मला कोण काय म्हणालं, मी काय उत्तर द्यायला हवं होतं, माझं कसं होणार. तासभर हा स्वतःवरचा धारावाहिक कार्यक्रम बघितला की निदान त्याचा कंटाळा तरी येतो. हा कंटाळा फार मोलाचा आहे.

पण याचा समोरच्याला काही फायदा होतो का? २०१३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात आठ आठवडे ध्यान शिकलेल्यांना एका प्रतीक्षालयात बसवलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, आणि तेवढ्यात कुबड्या घेतलेली एक बाई कण्हत आत येते. शेजारचे दोघे (ते प्रयोगातलेच) बघून न बघितल्यासारखं करतात. ध्यान न शिकलेल्यांपैकी साधारण १६ टक्के उठले, शिकलेल्यांपैकी निम्मे. वाचून आपल्याला बरं वाटतं. पण प्रयोगातली माणसं मोजकी होती. २०१८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला तेव्हा परिणाम बराच फिका दिसला. करुणा वाढल्याचं जिथे दिसलं, त्यात शिकवणारे गुरुजी स्वतःच निबंधाचे सहलेखक असणं हा एक मोठा घटक होता. तेव्हा 'ध्यान करा, आपोआप करुणा वाढेल' हे वाक्य मी तरी कुणाला ऐकवणार नाही. आपोआप काही वाढत नाही.

मी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या एका केंद्रात जाते. तिथे एक आजोबा होते, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, मूठ घट्ट आखडलेली. त्यांची नखं कापायची होती. मुठीत वाढलेली नखं तळव्यात रुततात, घाम साचतो, कातडी ओली राहून सोलवटते, वास येतो. बोटं जोर लावून उघडायला गेलं तर ती आणखी आवळतात. तिथल्या सिस्टरांनी मला दाखवलं की आधी मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, मग बोटं थोडी सैल पडतात. अंगठा आधी मोकळा करायचा, मग करंगळीकडून एकेक बोट. मध्ये गुंडाळलेल्या मऊ कापडाची वळकटी सरकवायची. या कामात घाई केली की मूठ पुन्हा मिटते. मनात दुसरा विचार आला की हात आपोआप जोर लावतो, आणि ते आजोबांच्या चेहऱ्यावर तुमच्या आधी उमटतं. अख्ख्या हाताला बराच वेळ लागला. त्यांना बोलता येत नव्हतं, ते छताकडे बघत होते. धन्यवाद नाही, हसू नाही, काही नाही. तळवा पुसून कोरडा केला आणि मी दुसऱ्या खाटेकडे गेले. सकाळच्या बैठकीत मी जे करते तेच इथे चाललं होतं, फक्त श्वासाच्या जागी एका परक्या माणसाचा हात होता.

सेवेची स्वप्नं बघणाऱ्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, 'आम्हाला नाही जमणार बाई, आम्हाला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही.' हे अगदी खरं आहे, आणि यावर मेंदूशास्त्राने थोडं काम केलेलं आहे. तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगात भोगणं वेगळं, आणि त्याचं बरं व्हावं असं मनापासून वाटणं वेगळं. पहिल्याने माणूस थकतो, दुसऱ्याने त्याला बळ येतं. मेंदूतली जाळीही दोन्हीसाठी वेगळी कामाला लागतात. माट्यू रिकार हे फ्रेंच बौद्ध भिक्षू स्वतः मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपले होते. फक्त सहवेदनेवर मन ठेवल्यावर ते पार गळून गेले, आणि करुणेचं ध्यान सुरू केल्यावर सावरले. म्हणून 'मी फार संवेदनशील आहे, मला बघवत नाही' हे जेव्हा कानावर येतं, तेव्हा मला वाटतं की तिथेही लक्ष स्वतःकडेच लागलेलं आहे. मला त्रास होतो, म्हणून मी तोंड फिरवते. यावर पुष्कळ जण चिडतील. चिडा.

आता सेवेकडे वळू, कारण ध्यानवाल्यांना एवढं बोलले तर सेवावाल्यांना सोडणं बरं नव्हे. सेवेत 'मी' फार चतुराईने लपतो. 'मी नसले तर यांचं कोण करणार?' या वाक्यापासून सावध राहावं. असं म्हणणाऱ्या माणसाला हळूहळू रोगी बरा झालेलाही आवडेनासा होतो. रोग्याला काय हवं हे विचारलं जात नाही, त्याला काय हवं असायला पाहिजे हे आधीच ठरलेलं असतं. मदर तेरेसांचं उदाहरण यात मला दोन्ही बाजूंनी शिकवणारं वाटतं. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं अस्तित्व जाणवतच नव्हतं. आत नुसता अंधार आणि कोरडेपणा. तरी त्या रोज उठून कामाला लागत होत्या. अनुभूती आली की सेवा सुरू करू, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पण १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स त्यांच्या कोलकात्यातल्या आश्रमाला भेट देऊन आले, आणि तिथे तीव्र वेदनांवर प्रभावी वेदनाशामकं दिली जात नाहीत, निदानही नीट होत नाही, असं त्यांनी लिहिलं. मायेने हात धरला, पण कळ तशीच राहिली. विनयपिटकातल्या यादीत औषध आधी का, ते इथे उमगतं.

राहिलं प्रेम. यावर मला सगळ्यात कमी बोलता येतं. समस्त मानवजातीवर प्रेम करणं सोपं आहे, ती काही आपल्या शेजारी झोपून घोरत नाही. एका ठरावीक माणसावर, त्याच्या वासासकट आणि हट्टासकट माया करणं कठीण. ख्रिस्ती संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी १२२६ मध्ये, मृत्यूच्या वर्षी सांगून लिहवून घेतलेल्या मजकुरात म्हटलंय की कुष्ठरोग्यांकडे बघणंसुद्धा त्यांना अतिशय कडू वाटायचं, आणि त्यांच्यात जाऊन राहिल्यावर तेच कडू गोड झालं. क्रम बघा. आधी गोडी आली आणि मग ते गेले, असं झालेलं नाही. बाबा आमट्यांचंही तसंच. गटारीत पडलेला, हातापायाची बोटं झडलेला तुळशीराम बघून ते आधी घाबरून पळाले, मग परत फिरले. प्रेमाची वाट बघत घरी बसलेल्या माणसाला ते सापडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

एक सूचना मध्येच, कारण ती कुणी देत नाही. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा जे नुकतेच मोठ्या धक्क्यातून गेलेत, त्यांनी लांब मौनशिबिरांना जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. दीर्घ ध्यानात काहींना तीव्र भीती किंवा आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटतं, हे ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नीट नोंदवलेलं आहे. त्याला 'साधनेतला टप्पा' म्हणून गप्प बसवणारा गुरू भेटला तर उठून निघून यावं.

'मग मी सुरुवात कुठून करू?' असं इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांना: सकाळी थोडा वेळ गप्प बसा, पद्धत कुठलीही चालेल. आणि आठवड्यातला एक वार एखाद्या रुग्णालयाला, वृद्धाश्रमाला किंवा विशेष मुलांच्या शाळेला द्या. काय करू हे त्यांना विचारा, आपलं ठरवून जाऊ नका. पहिले काही आठवडे तुम्हाला कुणाच्या उशाशी बसवणार नाहीत. चादरींच्या घड्या घालायला देतील, औषधांच्या पट्ट्या तारखेप्रमाणे लावायला देतील, नाहीतर रजिस्टरमधली नावं उतरवून काढायला. मोबाइल पिशवीत ठेवा. ज्या वारी कबूल केलंय त्या वारी जाणं होणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्यांना दुसरं कुणी बघता येईल.