परिस्थितीवर मात वगैरे

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात ठरलेल्या बातम्या येतात. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरची धुणीभांडी करते, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, आणि पोरीला ९४ टक्के. एमपीएससीचा निकाल लागला की पुन्हा तेच, फक्त खोलीच्या जागी पत्र्याचं घर येतं. त्या मुलांचं कौतुक आहेच, त्याबद्दल वाद नाही. मला खटकतात त्या खालच्या कमेंटी. "गरिबीच माणसाला घडवते." "चटके बसल्याशिवाय माणूस मोठा होत नाही." हे लिहिणारे बहुतेक वेळा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बसलेले असतात आणि स्वतःच्या मुलाला चटका बसू नये म्हणून क्लासची फी हप्त्याने भरत असतात. गरिबीच घडवत असती, तर ऊसतोडीच्या टोळीबरोबर दरवर्षी कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, जाणारी सगळी पोरं एव्हाना कलेक्टर झाली असती. त्यातल्या कितीतरी पोरांची शाळा सुटते, एवढंच होतं.

हाल माणसाला झिजवतात. माणूस वाढतो तो कुणीतरी आपल्यावर विसंबून आहे हे कळल्यावर. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकदम येतात, म्हणून आपण श्रेय हालांना देऊन टाकतो.

साहित्यात हा फरक मला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो 'बनगरवाडी'त. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. माणदेशातली धनगरांची छोटी वाडी आणि तिथे नेमणूक झालेला कोवळा मास्तर. शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. कारभाऱ्याला पटवल्याशिवाय वाडीत काही हलत नाही. मास्तर स्वतःच बिचकलेला असतो, पहिल्या पानांत तर तो आपल्याला वाडीतल्या पोरांहून फारसा मोठा वाटत नाही.

मग हळूहळू एकेक काम त्याच्याकडे येऊ लागतं. कुणाचं पत्र लिहून दे, कुणाची तालुक्याच्या गावची खरेदी कर, कुणाचं भांडण ऐकून घे. यातलं एकही काम शिक्षण खात्याच्या कागदावर नाही. पण लोक मागतात, तो करतो, आणि करता करता त्याच्या बोलण्याला वजन येतं. कारभाऱ्याच्या पोरीची चोळी शिवून आणून देण्यासारखी साधी गोष्ट अंगाशी येते, म्हातारा संशय घेतो, तेही तो सोसतो. सोडून जात नाही. पुढे सगळ्या वाडीला हाताशी धरून तालीम बांधायची हे त्याच्या डोक्यात येतं, आणि ती उभी राहते. पहिल्या पानावरच्या त्या मुलाला हे जमलं असतं का? मला नाही वाटत. मधल्या काळात त्याच्यावर कुठलंही मोठं संकट कोसळलेलं नसतं. माणसं 'मास्तर, एवढं करा' म्हणत राहिली, इतकंच.

आणि शेवटी दुष्काळ पडतो. हा भाग मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, कारण तिथे माडगूळकर कुणालाही मोठं करत नाहीत. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, शाळेत पोरं उरत नाहीत आणि मास्तरही निघतो. दुष्काळातून कुणी काही शिकलं नाही. दुष्काळानं फक्त वाडी रिकामी केली. एखाद्या प्रेरणादायी वक्त्याच्या हाती ही गोष्ट पडली असती, तर त्यानं शेवटी तालमीतून एक हिंदकेसरी बाहेर काढला असता!

'श्यामची आई'बद्दलही एक बोलायचं आहे, रागावू नका. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. श्याम संस्कारांनी घडला, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण कर्ज, जप्ती, वसुलीला आलेल्या माणसाचे अपमान, शेवटचं आजारपण, हे सगळं कुणाच्या वाट्याला आलं? आईच्या. श्याम वाढला, कारण मधे ती उभी होती. गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं, पुस्तकाचं नावच ते सांगतं. आपण मात्र वक्तृत्व स्पर्धेत श्यामचे गुण सांगतो आणि एकाच्या वाढीची किंमत दुसऱ्यानं चुकवली हे सोडून देतो.

आमच्या नात्यातला एक मुलगा. वडील अचानक गेले तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेज सोडून वडिलांची पिठाची गिरणी चालवायला बसला. आधीचा तो कसा होता ते सगळ्यांना माहीत आहे, दुपारी बारापर्यंत झोपणारा. आज बहिणीचं शिक्षण, आजीची औषधं, गिरणीच्या विजेचं बिल, सगळं त्याच्या डोक्यात असतं. नातेवाईक म्हणतात, "बघा, परिस्थितीनं कसा शहाणा केला." तो एकदा मला म्हणाला, "शहाणा कसला, मला पर्याय नव्हता. आणि मला अजून इंजिनिअर व्हायचंय." हे दुसरं वाक्य कुणी ऐकत नाही. जबाबदारीनं तो वाढला हे खरं. त्याचं काहीतरी कायमचं राहून गेलं हेही तितकंच खरं, आणि वाढीच्या कौतुकात ते झाकू नये असं मला वाटतं.

जबाबदारी घेतली की माणूस हमखास फुलतो, असाही नियम नाही. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर हॉस्टेलची मेस अंगावर घेतो आणि हाती तोटाच येतो. नेमाड्यांनी तिथे शहाणपणाचा धडा वगैरे काढलेला नाही, बरं झालं.

आता खऱ्या माणसाकडे येतो. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचं सोवळ्याचं वेड टोकाचं, लग्न लहानपणी, आणि नवरा म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. तेव्हा अर्थात रेव्हरंड झालेले नव्हते. मोठा कवी, मनानं सोनं, पण संसाराच्या दृष्टीनं अवघड माणूस. हातात पैसा टिकत नाही, लहर आली की घर सोडून निघून जाणार. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहू लागल्या. त्या काळात एका ब्राह्मण बाईवर याने काय ओढवलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

त्या दिवसांत त्या खचल्या, आजारी पडल्या. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेलं नाही, दुःखानं आपण थोर झालो असा आव तर कुठेच नाही. पुढे काही वर्षांनी त्या टिळकांकडे परत आल्या तेव्हा सोवळं-ओवळं बरोबर घेऊनच आल्या. मग स्वतःच्या डोक्यानं विचार करत जातिभेद टाकला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्याच्यामागे, असं ते नव्हतं. नंतर नगरला त्यांचं घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. दुसऱ्यांची मुलं, आजारी माणसं, येणारे-जाणारे. बालकवी ठोंबरे हेसुद्धा त्या घरातलेच एक झाले होते. टिळक माणसं घरी आणणार आणि त्या माणसांच्या ताटात काय वाढायचं ते लक्ष्मीबाई बघणार. हे आपण 'त्याग' म्हणून गोंजारतो. मला त्यात अन्यायही दिसतो आणि त्या बाईचा वाढत गेलेला आवाकाही दिसतो. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य दहा-साडेदहा अध्यायांवर अडलेलं होतं. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, जिला नवऱ्यानं घरी अक्षरओळख करून दिली, तिनं पन्नाशी उलटल्यावर. इथे तिच्यावर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं. अर्धवट राहिलेलं काम होतं आणि ते आपलं आहे असं तिला वाटलं.

'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यावर भागवू नका, पूर्ण वाचा. इतकं सोसलेल्या बाईचं आत्मचरित्र म्हणून घाबरून हातात घ्याल आणि दर दोन पानांनी हसाल. बहुतेक वेळा टिळकांवर, आणि बऱ्याचदा लक्ष्मीबाईंवरही, कारण स्वतःची फजिती सांगताना त्या काही राखून ठेवत नाहीत.