‘येशूनं तरी कुठं आईला विचारलं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्यांदा रागच आला, म्हणून दोन दिवस काही लिहिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आईची सेवा हा विश्वासाचाच भाग आहे वगैरे मी आधीच्या लेखात जे लिहिलं ते नुसतं गोड गोड आहे, येशूनंच ‘माझी आई कोण?’ म्हणून तिला बाहेर ताटकळत ठेवलं, आणि चर्चवाले जगाची सेवा करत फिरतात, आई घरी एकटी, वर्षातून एकदा तिच्या हातात फूल दिलं की झालं.

शेवटचं लागलं, कारण ते माझ्याबाबतीत खरं आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दिवसातून चार वेळा डोळ्यात ड्रॉप्स घालायचे होते, आणि त्याच शनिवारी मी आमच्या ग्रुपबरोबर हॉस्पिटलमध्ये पेशंट लोकांसाठी प्रार्थना करायला गेलो. परत आलो तर ही बाई आरशासमोर उभी राहून एका हातानं पापणी ओढून स्वतःच ड्रॉप्स घालतेय. काही बोलली नाही, उलट तिथल्या पेशंटची चौकशी केली, आणि मी पण मोठ्या उत्साहानं सांगत बसलो. (हे मूळ लेखात लिहायची हिंमत झाली नव्हती.)

पण ‘माझी आई कोण?’ बद्दल तुमच्याशी सहमत नाही. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी जी चार पुस्तकं आहेत (मार्क, लूक, मत्तय, योहान), त्यातल्या मार्कच्या ३ऱ्या अध्यायात ते वाक्य येतं त्याच्या थोडं आधी बघा, येशूला वेड लागलंय असं समजून घरचे लोक त्याला धरून न्यायला निघालेत. म्हणजे त्याचं काम थांबवायला आलेत, त्याला तो नाही म्हणतोय. आईला टाकलं असं त्यातून निघत नाही. लूक १४ मधलं आईबापांचा ‘द्वेष’ करण्याचं वाक्य तुम्ही टाकलं नाहीत पण पुढं कोणीतरी टाकेलच, तर मत्तय १० मध्ये तेच ‘माझ्यापेक्षा जास्त प्रीती करतो’ असं आलंय, तुलना आहे ती.

आणि त्याच मार्कचा ७वा अध्याय! तिथं येशू धार्मिक पुढाऱ्यांना झाडतोय, का तर आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर केलं की मुलगा मोकळा, अशी पळवाट त्यांनी चालू ठेवली होती. तुम्ही चर्चवाल्यांबद्दल जे बोललात ना, ते तुमच्या आधी त्यानंच बोलून ठेवलंय, तुमच्यापेक्षा कडक शब्दात. माझा तो शनिवार कुर्बानच होता. येशूचा प्रेषित पौल तर आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात लिहितो की भक्ती आधी घरात शिका, आईबापांचे उपकार फेडा, आणि चर्चनं ज्यांना खरंच कोणी नाही त्या विधवांकडं बघावं.

मला सगळ्यात जास्त पटतं ते योहान १९. क्रुसावर असताना, श्वास घेणं मुश्कील, त्यात तो आईला दिसेल असा एक शिष्य दाखवतो, हा तुझा मुलगा, आणि त्याला म्हणतो ही तुझी आई. तिच्या उपकारांबद्दल एक शब्द नाही, कौतुक नाही, सरळ तिची राहायची सोय लावली. आणि तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन गेला. कृतज्ञता म्हणतात ती हीच असावी असं मला वाटतं, म्हणजे उद्यापासून हिच्याकडं कोण बघणार एवढा साधा प्रश्न.

फुलांबद्दल म्हणाल तर मदर्स डे सुरू करणारी ॲना जार्विस तुमच्याच बाजूची निघेल. तिची आई चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवायची, तिची स्वतःची बरीच मुलं लहानपणीच दगावली होती, आणि तिनं बायकांचे क्लब काढले, स्वच्छता शिकवायची, आजारी घरांना औषधपाणी, असं काम. ती गेल्यावर १९०८ साली १० मे रोजी अमेरिकेत ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये तिच्या आठवणीत उपासना झाली, ॲनानं कार्नेशनची ५०० पांढरी फुलं पाठवली. पुढं कार्डवाले, फुलवाले या दिवसावर तुटून पडले तसं हीच बाई त्यांच्याशी भांडत बसली, आयुष्यभर.

ज्यांना आईनं त्रासच दिला त्यांनी काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंत. माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. बायबलच्या दहा आज्ञांत आईबापांचा ‘मान राख’ असं आहे, मार खात राहा असं नाही. काही जणांनी लांब राहूनच हे करावं, आणि त्यांना मदर्स डेच्या उपासनेत उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, लावू नये, पण आम्ही नेमकं तेच करायला लावतो आणि ते चुकतं.

बाकी, आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी शनिवारची ड्यूटी मी दुसऱ्याला दिली आणि घरी थांबलो. ती म्हणते आरशात बघून माझं बरं चाललं होतं, तू निम्मं औषध गालावर सांडतोस.