प्युरी घट्टच हवी

बाळाच्या आहारावरच्या लेखात सहा महिन्यांनंतर भाज्यांची प्युरी सुरू करायला सांगितलंय, ते पटलं. पण ती किती घट्ट असावी हे राहून गेलं, आणि घरोघरी नेमकं तिथेच चुकतं. भाजी उकडून तिचं पाणी, नाहीतर डाळीवरचं पाणी बाळाला पाजतात. त्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, अंगी काहीच लागत नाही! चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. लाल भोपळा, गाजर वाफवून मऊ कुस्करा, वर थोडं साजूक तूप घाला. त्यांतलं अ जीवनसत्त्व शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतोच. नुसत्या भाजीवर मात्र राहू नका. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून मुगाची डाळ, नाचणी, घरात चालत असेल तर अंडंही द्या. बाळ वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नाही. आठव्या-नवव्या महिन्यानंतर मिक्सर बंदच करा; दात नसले तरी बाळं हिरड्यांनी मऊ गोळे छान चावतात. आणि दुधी एकदा थुंकला म्हणून सोडून देऊ नका. काही बाळांना नवी चव आवडायला आठ-दहा वेळा द्यावी लागते, फक्त जबरदस्ती कृपया करू नका.