प्लॅन मोठा घेऊन कॉलमधला आवाज सुधारत नाही

पुण्यातल्या छोट्या ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: 'इंटरनेट फोनवर आवाज तुटतोय? मोठा प्लॅन घ्या. एका कॉलला 100 केबीपीएससुद्धा लागत नाहीत, क्यूओएसच्या (कोणता डेटा आधी सोडायचा ते राउटरमध्ये ठरवण्याच्या) भानगडीत पडू नका. फार तर फोनला 46 चं मार्किंग (डेटावरची 'हे आधी सोडा' अशी खूण) द्या, पुढचं इंटरनेट बघून घेतं.' यापायी लोक दरमहा जास्त पैसे भरतात आणि ग्राहकाचा आवाज तुटका तो तुटकाच ऐकतात.

100 केबीपीएसचा मुद्दा खरा आहे. जी.711 कोडेकचा (आवाजाचा डेटा करण्याच्या पद्धतीचा) कॉल इथरनेटवर एका दिशेला साधारण 87 केबीपीएस घेतो. पण इथे प्रश्न जागेचा नाही, वेळेचा आहे. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या प्रकाशकाने छापखान्याला जड पीडीएफ पाठवायला घेतली, की टीसीपी (फाइल पाठवण्याची इंटरनेटची पद्धत) अपलोडची क्षमता भरेपर्यंत वेग वाढवत नेतो. अपलोड 10 एमबीपीएस असेल आणि मोडेमच्या बफरमध्ये (डेटा रांगेत थांबतो त्या जागेत) 1 एमबी तुंबलं, तर त्यामागे आलेलं आवाजाचं पॅकेट (डेटाचा तुकडा) 0.8 सेकंद अडकून पडतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.114 शिफारशीनुसार एका दिशेचा एकूण उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. अपलोड पाचपट करा, तीच रांग एकटी 160 मिलिसेकंद खाते.

'क्यूओएस करून पाहिलं, फरक पडला नाही' असं म्हणणाऱ्यांचंही मला पटतं, कारण बहुतेकांनी फक्त प्रायॉरिटी 'हाय' केलेली असते. रांग मोडेममध्ये लागत असेल तर राउटरच्या प्रायॉरिटीला काही अर्थच उरत नाही. आधी राउटरवर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांच्या आसपास बांधा. मग रांग राउटरमध्येच लागते आणि तिथे आवाजाला पुढे काढता येतं. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर तेच वापरा. मर्यादा मात्र तिथेही बांधावी लागते.

46 म्हणजे पॅकेटवरची खूण. ती पाळायला तुमच्या राउटरला सांगावं लागतं, आणि साध्या ब्रॉडबँडवर ऑफिसबाहेर ती पाळली जाईल याची हमी नाही. वायफायवर तर अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट 46 ला आवाजाच्या खालच्या, व्हिडिओच्या वर्गात टाकतात. 2018 च्या आरएफसी 8325 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने तो आवाजाच्या वर्गात टाकायला सांगितलं आहे.

प्लॅन बदलण्याआधी केबल जोडलेल्या कॉम्प्युटरवरून पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोड करा. पिंग तेवढ्यापुरताच शेकडो मिलिसेकंदांत गेला, तर आधी मर्यादा बांधा. अपलोड बंद असतानाही तो उड्या मारत असेल, तर राउटरच्या सेटिंगने काही होणार नाही. तक्रार लाइनवाल्याकडे करा.